सिद्धता, पुरावा की प्रमाण?

कर्वेरोडकर
आमच्या ज्येष्ठांच्या अभ्यासमंडळासाठी एक टिपण मराठीत करतोय. विषय: अकराव्या शतकातले ख्रिस्ती धर्मपंडित अ‍ॅन्सेल्मपासून विसाव्या शतकातले तर्कशास्त्रज्ञ गोडेलपर्यंत, देव आहे हे तर्काने दाखवण्याचे प्रयत्न. 'प्रूफ'साठी सगळीकडे 'सिद्धता' लिहिलं. वाचून दाखवताना एका काकूंनी थांबवलं, "देवाच्या अस्तित्वाची सिद्धता? म्हणजे तयारी?" त्यांच्या माहेरी 'पूजेची सिद्धता झाली का' असंच विचारायचे. 'पुरावा' घालून पाहिला, तर देव कोर्टात उभा राहिल्यासारखा वाटतो. काय करू?

भूमितीवाल्या बाई
सिद्धताच ठेवा. पक्ष, साध्य, सिद्धता हे फळ्यावर लिहिण्यात माझी 27 वर्षं गेली. गृहीतकं मान्य केलीत की निष्कर्ष नाकारता येत नाही, एवढंच सिद्धता सांगते. गृहीतकं खरी आहेत का, यावर ती गप्प असते. गोडेलच्या युक्तिवादाचा तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉटने केलेला पाठ 2013 मध्ये संगणकाकडून तपासून घेतला गेला. पायऱ्या बरोबर निघाल्या. म्हणून देव सिद्ध झाला असं कोणी म्हणालं, तर मी त्याचा अर्धा गुणही कापीन. सिद्धतेतली खात्री 'जर-तर'ची असते, ती पुसू नका.

टेकडीवरचा
बाई, तुमचे पक्ष-साध्य न्यायशास्त्रातून, म्हणजे जुन्या भारतीय तर्कपरंपरेतून, आले, पण वाटेत बदलले. भूमितीत पक्ष म्हणजे दिलेली माहिती. न्यायात पक्ष म्हणजे तो डोंगर, ज्यावर आग आहे असं दाखवायचंय. आग हे साध्य, धूर हा हेतू, म्हणजे ज्यावरून आग ओळखायची ती खूण. मागच्या डिसेंबरात पहाटे वेताळ टेकडीच्या कडेला मला चक्क धूर दिसला. वणवा असेल म्हणून धावत गेलो. जवळ गेल्यावर चेहरा ओला झाला. धुकं! हेतूच असिद्ध, खूणच मुळात नव्हती. न्याय परंपरेतल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात ईश्वर मांडला तोही याच चालीने: मडकं आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग हे कार्य आहे म्हणजे कर्ता असणार. त्यावर विरोधक विचारतात, जग 'कार्य' आहे हे कशावरून? म्हणजे धूर की धुकं, तोच प्रश्न. मी 'अनुमान' लिहीन.

शनिवारपेठी
अनुमान म्हटलं की लोक अंदाज समजतात. पावसाचं अनुमान! 'तर्क'चंही तेच. आमची आजी 'माझा आपला तर्क हो' म्हणायची तेव्हा तिला खात्री नाही असाच अर्थ असायचा. सरळ 'लॉजिक' लिहा. 'तुझ्या बोलण्यात लॉजिक नाही' हे मंडईतही कळतं.

टेकडीवरचा
'तर्कशास्त्र' हातात असताना लॉजिक कशाला? लोकांनी अर्थ पातळ केला म्हणून शब्दच टाकून द्यायचा? आणि आजी बरोबरच होत्या. न्यायात तर्काला प्रमाणांत, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाच्या साधनांत, धरत नाहीत, तो प्रमाणाचा मदतनीस.

शनिवारपेठी
शब्द वापरणाऱ्यांचा असतो, शास्त्र्यांचा नाही. हे मी सोडणार नाही.

ओवीप्रेमी
'पुरावा' इतका वाईट नाही. मला तो 'पुरणे'शी जोडलेला वाटतो: जो पुरतो तो पुरावा. मग 'पुरतो कोणाला?' हा प्रश्न आपोआप येतो, आणि देवाच्या बाबतीत खरं भांडण तेच आहे. माझ्या वडिलांना सूर्योदय पुरायचा, मला पुरत नाही.

भूमितीवाल्या बाई
व्युत्पत्ती गोड आहे, पण नुसत्या ध्वनीवरून नको. आणि 'पुरला नाही' म्हणजे 'देव नाही हे ठरलं' असंही नाही. असिद्ध आणि खोटं यांत फरक आहे.

कर्वेरोडकर
रविवारी वाचायचंय. तूर्त गोडेलला 'सिद्धता', उदयनाचार्यांना 'अनुमान', आणि काकूंसाठी समासात एक ओळ.

ओवीप्रेमी
काकूंवरून आठवलं. सिद्ध म्हणजे शिजलेलंही ना, सिद्धान्न? मग 'शिधा' त्यातूनच आला असेल का? पण शिधा तर कच्चा असतो.

टेकडीवरचा
'असिद्ध'मधला अ गळला असेल?