निओस्टिग्मिन हे औषध नागाच्या दंशात चालतं, मग मण्यारीच्या दंशात का नाही?

चेतातंतू: दोन्ही दंशांत आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. विष दोन्हीकडे चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावरच हल्ला करतं. तरी औषधाला प्रतिसाद इतका वेगळा का?

संधिप्रकाश: कारण सांधा एकच असला तरी बाजू वेगळ्या. चेतेच्या टोकाशी विद्युतसंदेश पोचला की कॅल्शियम आत शिरतं, पुटिका (रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या) पडद्याला चिकटून फुटतात. एकेका पुटिकेत ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाचे 5 ते 10 हजार रेणू असतात. ते पलीकडे स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, जोडले जातात (एका रिसेप्टरला दोन रेणू लागतात), आणि कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्यांचा लगेच फडशा पाडतं.

नागाचं विष रिसेप्टर अडवतं. निओस्टिग्मिन कोलिनेस्टरेजला थोपवतं, ॲसिटिलकोलीन साचतं आणि जागेसाठी विषाशी झुंजतं. सांध्याकडे राखीव क्षमता भरपूर असते, साधारण 70 टक्के रिसेप्टर बंद होईपर्यंत अशक्तपणा दिसतच नाही. म्हणून थोडेसे मोकळे झाले तरी पापणी उचलते.

मण्यारीचं विष मुख्यतः चेतेचं टोकच उद्ध्वस्त करतं, पुटिका संपतात. ॲसिटिलकोलीन सुटतच नाही, मग साठवणार काय?

वॉर्डातला: प्रौढांसाठी: आधी ॲट्रोपिन 0.6 मिग्रॅ शिरेतून, मग निओस्टिग्मिन 1.5 मिग्रॅ स्नायूत. ॲट्रोपिन विसरलात तर लाळ सुटते, नाडी मंदावते. लाळग्रंथी आणि हृदय इथेही ॲसिटिलकोलीन वाढतंच. आधी आणि नंतर पापण्यांमधली फट मिलिमीटरमध्ये मोजा, एका श्वासात रुग्ण किती आकडे म्हणतो तेही लिहा. तीन डोसांनंतरही फरक नसेल तर थांबा, बहुधा मण्यारच आहे.

चेतातंतू: मग मण्यारीत एएसव्हीने (सर्पविषावरच्या प्रतिविषाने) लकवा का उलटत नाही?

संधिप्रकाश: एएसव्ही रक्तात फिरणारं विष पकडतं. टोकाची झालेली नासधूस त्याच्या हातात नाही. टोक नव्याने उगवायला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणूनच एएसव्ही लवकर द्यायचं, आणि त्यानंतर रुग्ण वाचतो तो व्हेंटिलेटरवर.

वॉर्डातला: एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. मण्यारीच्या रुग्णाच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला न हलणाऱ्या असू शकतात, हातपाय निपचित. हा मेंदूमृत्यू नव्हे. रुग्णाला सगळं ऐकू येत असतं. व्हेंटिलेटर काढू नका, आणि खाटेजवळ बोलताना भान ठेवा.