भाव इतका चढल्यावर सोनं घ्यावं का? किती, आणि कोणत्या रूपात?

सावधपाऊल

२०२५ च्या मार्चमध्ये सोन्याने औंसाला (सुमारे ३१.१ ग्रॅम) ३,००० डॉलर ओलांडले आणि ऑक्टोबरमध्ये ४,०००. तेव्हापासून पुढच्या आकड्यांचे अंदाज थांबलेले नाहीत. कुणी म्हणतं हा फुगा आहे, कुणी म्हणतं ही तर सुरुवात.

मला नेमकं विचारायचं आहे ते असं. पुढची सात-आठ वर्षं लागणार नाहीत असे पैसे आहेत आणि त्यात सोन्याचा वाटा शून्य आहे. भाव खरोखर कशाने हलतो? महागाईने, भीतीने की आणखी कशाने? मंदी आली की सोनं वर जातं असं धरून चालायचं का? आणि घ्यायचंच ठरवलं तर एकदम की तुकड्यातुकड्याने, आणि नाणी-बिस्किटं, ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता येणारे सोन्याचे निधी), वायदे (पुढच्या तारखेच्या सौद्याचे करार), खाण कंपन्यांचे शेअर यांपैकी काय? "थोडं असावं" एवढ्या उत्तराने भागणार नाही. आकडे आणि कारणं हवी आहेत.

खरंव्याज

महागाईपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. महागाई वाढली की सोनं वाढतं, हे पाच-दहा वर्षांच्या हिशेबात भरवशाचं नाही. २१ जानेवारी १९८० ला लंडनमध्ये भाव ८५० डॉलर होता. १९९९ च्या उन्हाळ्यात तो २५० च्या थोडा वर उरला होता. या काळात अमेरिकेतल्या किमती दुपटीहून जास्त झाल्या होत्या. ८५० चा आकडा पुन्हा दिसायला जानेवारी २००८ उजाडला, आणि महागाई वजा करून पाहिलं तर ते शिखर ओलांडायला २०२५ साल यावं लागलं. म्हणजे शिखरावर घेतलेल्या माणसाचं निम्मं आयुष्य गेलं.

बघायचा आकडा दुसराच आहे: महागाई वजा जाता सुरक्षित रोख्यावर हातात उरणारं व्याज. सोनं व्याज देत नाही, त्यामुळे ते धरून ठेवायची किंमत म्हणजे सोडून दिलेलं व्याज. अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या महागाई-संलग्न रोख्यांचा, म्हणजे टिप्सचा, परतावा रोज जाहीर होतो. ऑगस्ट २०२० मध्ये तो उणे १ टक्क्याच्या आसपास होता आणि सोनं पहिल्यांदा २,००० डॉलरवर गेलं. २०१३ मध्ये तो उणेतून वर आला आणि त्या एका वर्षात सोन्याने पाव भागाहून जास्त किंमत गमावली. त्याच वर्षी १५ एप्रिलला तर एका दिवसात साधारण ९ टक्के पडलं.

पण २०२२ पासून हे नातं सैल झालं आहे, आणि जुन्या आलेखांवर विसंबणारे इथेच फसले. ऑक्टोबर २०२३ मध्ये टिप्सचा परतावा २.४ टक्क्यांच्या वर होता. जुन्या हिशेबाने सोनं कोसळायला हवं होतं. ते १,८०० च्या खाली गेलं नाही आणि महिनाअखेर २,००० च्या आसपास होतं. कारण एक मोठा खरेदीदार बाजारात उतरला होता: मध्यवर्ती बँका. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांची निव्वळ खरेदी १,००० टनांच्या वर होती, आणि जगातल्या सगळ्या खाणींतून वर्षाला निघतं ते सुमारे ३,६०० टन. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाच्या परकीय गंगाजळीतले सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले गेले. परक्या देशात ठेवलेले रोखे गोठवता येतात, आपल्याच तिजोरीतलं सोनं गोठवता येत नाही, हा धडा बऱ्याच देशांनी घेतला.

म्हणून आज दोन गोष्टींवर नजर ठेवा: टिप्सचा परतावा, आणि मध्यवर्ती बँकांच्या खरेदीचे दर तिमाहीचे आकडे. या बँका कायम खरेदीच करतील असं मात्र समजू नका. १९९० च्या दशकात युरोपातल्या बँका विकत होत्या. २६ सप्टेंबर १९९९ ला पंधरा युरोपीय मध्यवर्ती बँकांनी वर्षाला सुमारे ४०० टनांपेक्षा जास्त विकायचं नाही असा करार केला, तेव्हा कुठे बाजाराला तळ सापडला.

रोकडआधी

"मंदी आली की सोनं वर" याबद्दल. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं महागात पडतं.

पहिल्या धक्क्यात सोनंही पडतं. मार्च २००८ मध्ये भावाने १,००० डॉलर गाठले. त्यानंतर बँका बुडायला लागल्या, म्हणजे सोन्याने उसळायला हवं होतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाव ७०० च्या आसपास आला. मार्च २०२० मध्येही तेच: साधारण १,६८० वरून दहा-बारा दिवसांत १,४८० च्या खाली. कारण सरळ आहे. उधारीवर शेअर आणि रोखे धरलेल्यांना भाव पडला की मार्जिन, म्हणजे तारणाची जादा रक्कम, भरायचं असतं, आणि ते जे विकता येईल ते विकतात. सोनं दिवसरात्र विकलं जातं आणि त्यात बहुधा नफाही असतो, म्हणून पहिला नंबर त्याचा लागतो. शिवाय घबराटीत सगळ्यांना डॉलर हवा असतो, आणि डॉलर महागला की डॉलरमधला सोन्याचा भाव दबतो.

वाढ येते ती दुसऱ्या टप्प्यात, व्याजदर कापले जातात आणि बाजारात पैसा सोडला जातो तेव्हा. २००८ च्या त्या तळापासून सप्टेंबर २०११ पर्यंत सोनं १,९०० च्या जवळ पोचलं. २०२० मध्ये हाच प्रवास पाच महिन्यांत झाला.

याचा व्यवहारातला अर्थ असा की अडीअडचणीचा पैसा सोन्यात ठेवू नका. सहा महिन्यांचा खर्च रोख किंवा बँकेत असेल तरच सोन्याला दुसरा टप्पा येईपर्यंत थांबता येतं. आणि कर्ज काढून सोनं घेणं तर नकोच. पहिल्या धक्क्यातच तुम्ही विकणाऱ्यांच्या रांगेत असाल.

आणखी एक, हे फार जण विसरतात: तुमचा परतावा डॉलरमध्ये मोजला जात नाही. सोनं डॉलरमध्ये १० टक्के वाढलं आणि त्याच वेळी डॉलर तुमच्या चलनापुढे ८ टक्के उतरला, तर १.१० गुणिले ०.९२, म्हणजे हातात १.२ टक्के. उलट तुमचं चलन घसरत असेल तर सोनं जागेवर असूनही भाव चढलेला दिसतो. "सोन्याने इतके टक्के दिले" असं ऐकलं की आधी विचारा, कोणत्या चलनात?

तोळामासा

किती घ्यायचं हे भावाच्या अंदाजावरून ठरवू नका, किती नुकसान सोसेल त्यावरून ठरवा. सप्टेंबर २०११ ते डिसेंबर २०१५ मध्ये भाव साधारण १,९०० वरून १,०५० वर आला, म्हणजे ४५ टक्क्यांची घसरण. असं पुन्हा होईल असं धरा. सोन्याचा वाटा १० टक्के असेल तर एकूण गुंतवणुकीला साडेचार टक्क्यांचा फटका. ३० टक्के असेल तर साडेतेरा, आणि तेही चार वर्षं रोज थोडं थोडं. माझं मत ५ ते १० टक्के. त्याखाली असून नसल्यासारखं, त्यावर गेलात तर ती सट्टेबाजी, मग तिला काहीही नाव द्या.

तुमचं लक्ष्य ८ टक्के धरू. सहा ते बारा समान हप्ते करा, तारखा आधीच लिहून ठेवा आणि भाव न बघता घ्या. हप्त्यांनी परतावा वाढतो असं मी म्हणत नाही. चढत्या बाजारात तो कमीच होतो. फायदा एवढाच की सगळा पैसा एकाच चुकीच्या दिवशी लागत नाही, आणि पहिल्या घसरणीत माणूस घाबरून बाहेर पडत नाही. प्रत्येक व्यवहारावर ठरावीक शुल्क असेल तर हप्ते कमी करा.

त्यानंतरचं काम जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते करणारे फार थोडे. लक्ष्य ८ असेल तर पट्टा ६ ते १०. वाटा पट्ट्याबाहेर गेला तरच हात लावायचा. उदाहरण: एकूण १००, त्यात सोनं ८. सोनं ६० टक्के वाढलं आणि बाकीचं १० टक्के पडलं. आता सोनं १२.८, बाकीचं ८२.८, एकूण ९५.६, आणि सोन्याचा वाटा १३.४ टक्के. ९५.६ चे ८ टक्के म्हणजे ७.६५. तेव्हा ५.१५ एवढं सोनं विकायचं आणि पडलेल्या गोष्टी घ्यायच्या. वाटा ६ च्या खाली गेला तर उलट. विक्रीवर कर लागत असेल तर आधी नवे पैसे दुसरीकडे वळवून वाटा खाली आणा, उरलेलंच विका.

हे बिघडतं ते एकाच जागी. भाव चढल्यावर विकायच्या ऐवजी माणूस लक्ष्यच ८ वरून १५ करतो. म्हणून लक्ष्य आणि पट्टा खरेदीच्या आधीच कागदावर लिहा.

अंदाजनको

लक्ष्यभावांबद्दल थोडं. शेअरमागे नफा असतो, रोख्यामागे व्याज, त्यांवरून किंमत मांडता येते. सोन्यामागे कसलंही उत्पन्न नाही, त्यामुळे "योग्य भाव" काढायची रीतच नाही. जो आकडा सांगतो तो बहुधा मागची रेघ पुढे ओढत असतो.

बातमीवर खेळणाऱ्यांसाठी १९७४ चं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेत नागरिकांना सोनं बाळगायची १९३३ पासून असलेली बंदी ३१ डिसेंबर १९७४ ला उठणार होती. कोट्यवधी नवे खरेदीदार येणार म्हणून भाव आधीच चढत गेला आणि बंदी उठायच्या आदल्या दिवशी १९५ च्या आसपास होता. ऑगस्ट १९७६ मध्ये तो १०३ च्या आसपास होता. सगळ्यांना ठाऊक असलेली चांगली बातमी भावात आधीच आलेली असते.

कसोटी

आता रूपाबद्दल.

आधी मूळ भाव काढायला शिका: डॉलरमधला औंसाचा भाव गुणिले विनिमय दर, भागिले ३१.१०३५, म्हणजे तुमच्या चलनात शुद्ध सोन्याचा ग्रॅमचा भाव. समोरचा याच्यापेक्षा किती टक्के जास्त मागतो आणि परत घेताना किती कमी देतो, या दोन्हींची बेरीज हा तुमचा खरा खर्च. एका ग्रॅमच्या बिस्किटावर हा फरक सहज दहा टक्क्यांवर जातो, एका औंसाच्या नाण्यावर काही टक्के, किलोच्या विटेवर सगळ्यात कमी. दागिन्यात घडणावळ पूर्ण बुडते, म्हणून दागिना गुंतवणुकीत धरू नका.

नाण्यात कस आणि वजन यांची गल्लत होते. क्रुगररँड हे दक्षिण आफ्रिकेचं नाणं २२ कॅरेटचं आहे, पण त्याचं एकूण वजन ३३.९३ ग्रॅम आहे आणि आत बरोबर एक औंस शुद्ध सोनं आहे. "२२ कॅरेट आहे" म्हणून कुणी एका औंसातून परत घट कापू लागला तर विकू नका.

नकली मालात खरा धोका टंगस्टनचा. सोन्याची घनता १९.३२, टंगस्टनची १९.२५. त्यामुळे पाण्यात बुडवून केलेल्या घनतेच्या चाचणीत पितळ किंवा शिसं पकडलं जातं, टंगस्टन निसटतं. चुंबकही उपयोगाचा नाही. कसोटीच्या दगडाला फक्त वरचा थर कळतो. टंगस्टन सापडतं ते अल्ट्रासाउंडने, कारण आवाजाचा वेग सोन्यात सेकंदाला ३,२४० मीटर आणि टंगस्टनमध्ये पाच हजारांच्या वर, किंवा विद्युतवाहकता मोजणाऱ्या यंत्राने. सीलबंद पाकीट फोडू नका. फोडलं की परत घेताना बहुधा पुन्हा तपासणी आणि कपात.

ईटीएफमध्ये तीन गोष्टी माहितीपत्रकात शोधा. प्रत्यक्ष सोनं आहे की नुसते वायदे? ते निधीच्या नावाने वेगळं ठेवलेलं आहे का आणि विटांची यादी जाहीर होते का? वार्षिक खर्च किती? ०.१० आणि ०.४० टक्के यांत सात-आठ वर्षांत दोन टक्क्यांहून जास्त फरक पडतो. काही संस्था "सोन्याचं खातं" देतात. त्यात सोनं तुमच्या नावाने वेगळं काढलेलं नसेल तर तुम्ही फक्त त्या संस्थेचे सावकार आहात. ती बुडाली तर रांगेत उभं राहावं लागेल.

वायदे तुमच्यासाठी नाहीत. कॉमेक्स या अमेरिकी वायदे बाजाराचा साधा करार १०० औंसांचा. ४,००० भावाला तो ४ लाख डॉलरचा झाला, आणि भाव ५ टक्के पडला की २०,००० डॉलर गेले. वर दर काही महिन्यांनी पुढच्या महिन्याच्या बहुधा महाग करारात जावं लागतं. "दुप्पट परतावा" देणारे निधीही तसेच: भाव एक दिवस १० टक्के चढला आणि दुसऱ्या दिवशी १० टक्के पडला तर साध्या सोन्यात १ टक्का जातो, दुप्पटवाल्यात १.२० गुणिले ०.८०, म्हणजे ४ टक्के.

सावधपाऊल

बरंच स्पष्ट झालं, सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न उरले. खाण कंपन्यांचे शेअर सोन्याच्या ८ टक्क्यांत धरायचे का? आणि नाणी विकताना भाव पाडून मिळू नये म्हणून काय करायचं?

खरंव्याज

खाणींचे शेअर त्यात धरू नका, ते शेअरच आहेत. औंसामागे सगळा खर्च १,५०० आणि भाव २,००० असेल तर नफा ५०० उरतो. भाव १० टक्के घसरून १,८०० झाला की नफा ३००, म्हणजे ४० टक्क्यांनी कमी. वर इंधन, मजुरी, कर्ज, खाण असलेल्या देशातलं राजकारण. २००८ मध्ये शेअर बाजाराबरोबर हेही आपटले. सोनं ज्या दिवसांसाठी ठेवायचं, नेमक्या त्याच दिवशी हे साथ सोडू शकतात.

कसोटी

विकताना दोन-तीन ठिकाणी एकाच तासात भाव विचारा, आणि तो आकड्यात नाही, मूळ भावाच्या टक्क्यांत मागा. तसं केलं की तुलना सरळ होते. लंडनचा अधिकृत भाव तिथल्या वेळेनुसार सकाळी साडेदहा आणि दुपारी तीनला ठरतो. त्या सुमारास व्यवहार केला तर दोघांसमोर एकच आधार असतो. शनिवार-रविवार टाळा. जागतिक बाजार बंद असतो, सोमवारी भाव कुठे उघडेल ते विक्रेत्याला ठाऊक नसतं, आणि ती जोखीम तो तुमच्या भावातून कापून घेतो. खरेदीची पावती आणि अनुक्रमांक जपून ठेवा, पण नाण्यांच्या तिजोरीत ठेवू नका. चोरी झाली तर विमा मागताना तोच कागद हवा असतो.