आंब्याच्या पेटीचा एसएमएस डीएलटीवर तिसऱ्यांदा नाकारला, काय चुकतंय?

कलमवाला

मंडळी, देवगड तालुक्यात आमची दीडशेच्या आसपास कलमं आहेत. वडील होते तोवर सगळा माल दलालामार्फत वाशीला जायचा. गेली सहा वर्षं मी पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. पल्प आणि आंबापोळीसाठी फर्म काढली, तिचा जीएसटी नंबर आहे. वहीत आजमितीला 1,400 गिऱ्हाइकं आहेत. पुणे, ठाणे, नाशिक आणि थोडी बेळगावात.

आजवर व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टवर भागायचं. पण त्यात एका यादीत 256 माणसं, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. निम्म्या लोकांना पोचतच नाही. शिवाय माझी बरीच गिऱ्हाइकं वडिलांच्या वेळची, सत्तरीपुढची, बटणाच्या फोनवाली. म्हणून रीतसर एसएमएस पाठवायचं ठरवलं.

इथून वनवास सुरू. डीएलटीवर (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांसाठी टेलिकॉम कंपन्यांचं नोंदणी पोर्टल) नोंदणीचे 5,000 अधिक जीएसटी, म्हणजे 5,900 भरले. मग हेडर मागितलं, म्हणजे नंबराऐवजी दिसणारं पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी नाव. देवगड हा शब्द इंग्रजीत बरोबर सहा अक्षरांत बसतो, मी खूश! नाकारलं. गावाचं नाव तुमच्या फर्मचं नाही म्हणे. बरं, फर्मच्या नावाचं हेडर घेतलं, ते मिळालं. टेम्प्लेट (पाठवायच्या मजकुराचा नमुना) टाकलं, तर मजकुरात फर्मचं नाव नाही म्हणून परत. ते घातलं, तर आता शेरा आलाय, 'कॅटेगरी चुकीची'. एवढाच. फोन करावा तर मशीन बोलतं.

मजकूर हा असा (सुरुवातीला फर्मचं नाव, ते इथे देत नाही):

"नमस्कार! तुमची आंब्याची पेटी आज निघाली. पावती क्र. ____. पेटी मिळाल्यावर अढीत 4 दिवस ठेवा. पुढच्या खेपेसाठी आत्ताच नोंदवा, डझनामागे 50 रुपये सूट."

यात चुकीचं काय आहे? माल तोंडावर आलाय, जाणकारांनी सांगावं.

सरळमार्गी

कशाला त्या भानगडीत पडता? दोन नवी सिमं घ्या, मोबाइलवर बल्क एसएमएसचं अ‍ॅप टाका आणि रोज शंभर-शंभर करून सोडा. आमच्या क्लासचे निरोप असेच जातात.

तांबडा_सिग्नल

कलमवाले, वरचा सल्ला कृपया ऐकू नका. साध्या दहा आकडी नंबरावरून धंद्याचे निरोप घाऊक पाठवले की तुम्ही 'अनोंदणीकृत टेलिमार्केटर'. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ऑगस्ट 2024 मध्ये टेलिकॉम कंपन्यांना स्पष्ट आदेश दिलाय, अशांची सगळी कनेक्शनं तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. एका कंपनीने टाकलं की बाकीच्याही तोडतात. वडिलांच्या वेळेपासून छापलेला नंबर त्याच नावावर असेल तर तोही जाईल. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर तर दहा दिवसांत पाच तक्रारी कारवाईला पुरतात. क्लासवाल्यांचं नशीब अजून जागं आहे इतकंच.

आता तुमचा मजकूर. मी एसएमएस पुरवणाऱ्या एका एजन्सीत नऊ वर्षं हेच करतोय, त्यामुळे बघताक्षणी कळलं. पहिली तीन वाक्यं सर्व्हिसची आहेत. माणसाने माल घेतलाय, त्या मालाबद्दल तुम्ही कळवताय. शेवटचं वाक्य प्रमोशनल. सूट, ऑफर, 'आत्ताच नोंदवा' यांतला एकही शब्द आला की अख्खा निरोप जाहिरात ठरतो. दूध आणि ताक एका भांड्यात चालत नाही. शेपूट कापा, सर्व्हिसमध्ये टाका, पास होईल. सूट कळवणारा निरोप हवाच असेल तर वेगळं प्रमोशनल टेम्प्लेट करा. पण ज्यांनी डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) लावलंय आणि तुम्हाला संमती दिलेली नाही, त्यांना ते जाणार नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण खिशाची आहे. इंग्रजी एसएमएस 160 अक्षरांचा, देवनागरी 70 चा. आणि इथे 'अक्षर' म्हणजे आपण पाटीवर गिरवतो ते नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडलेलं व्यंजन, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'आंब्याची' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, यंत्राला आठांचा. 70 च्या पुढे गेलात की तुकडे जोडायची माहितीही त्यातच भरावी लागते, म्हणून प्रत्येक तुकड्याला 67 च उरतात. तुमचा मजकूर फर्मचं नाव सोडून दीडशेच्या घरात जातो, म्हणजे तीन एसएमएसचे पैसे. शेपूट कापल्यावरही दोन.

अढीचं वाक्यही काढून टाका, त्याची छापील चिठ्ठी पेटीत घाला. 'तुमची आंब्याची पेटी आज निघाली.' एवढ्याला यंत्र 30 मोजतं. 'पावती क्र.' आणि पुढचे आकडे मिळून वीस धरले तरी फर्मच्या नावाला वीसेक उरतात. एकात बसेल.

कलमवाला

धन्यवाद, हे कुणी सांगितलंच नव्हतं! म्हणजे मराठीत लिहिल्याचा दंडच म्हणायचा. खरं सांगायचं तर एसएमएसचे पैसे मला फारसे टोचत नाहीत. 20 पैसे धरले तरी 1,400 जणांचे तीन-तीन मिळून 840 रुपये. टोचतात ते 5,900. मोठ्या ऑनलाइन दुकानाला तेवढेच आणि मलाही तेवढेच, हा कुठला हिशेब?

एक राहिलं. माग काढायची लिंक छोटी करून घातली तर चालेल का?

पुण्याची_ग्राहक

मी दुसऱ्या टोकाची, म्हणजे हे निरोप घेणारी. कलमवाले, तुमचा त्रास पटतो. पण मागच्या वर्षी माझ्या सासूबाईंना 'पत्ता अपुरा, पार्सल परत जाईल, लिंकवर 5 रुपये भरा' असा एसएमएस आला होता. त्यांनी कार्डाचा नंबर टाकला आणि 22 हजार गेले. तेव्हापासून घरात अनोळखी नंबरावरून 'पेटी निघाली' असं आलं तरी आम्ही उघडत नाही.

आता मी हेडरची अक्षरं बघते. पुढची दोन टेलिकॉम कंपनीची आणि सर्कलची (तिच्या विभागाची), आणि हल्ली शेवटी डॅश देऊन एक अक्षर असतं. पी म्हणजे प्रमोशनल, एस सर्व्हिस, टी ट्रान्झॅक्शनल, जी सरकारी. त्याशिवायचा निरोप आला की 1909 ला तक्रार. सासूबाईंनाही शिकवलंय. त्या पी बघितला की न वाचताच पुसतात, एवढी आपली 50 रुपयांची सूट!

तांबडा_सिग्नल

ताईंनी लिंकचं उत्तर अर्धं दिलंच. 1 ऑक्टोबर 2024 पासून मजकुरातली लिंक आधी पोर्टलवर नोंदवून मंजूर करून घ्यावी लागते, नाहीतर एसएमएस वाटेतच अडतो. फुकट छोटी करून मिळणारी लिंक तर नकोच. तुमच्या गिऱ्हाइकांकडे बटणाचे फोन आहेत ना? मग लिंक हवी कशाला? पावती क्रमांक पुरे.

टेम्प्लेट पास झालं की लगेच 1,400 जणांना सोडू नका. तुम्ही ज्या एजन्सीकडून पाठवणार तिच्याशी पोर्टलवर 'चेन' जोडावी लागते. डिसेंबर 2024 पासून ती तपासली जाते. मधला एक दुवा राहिला तरी निरोप गायब, आणि वापरणाऱ्याला वाटतं नेटवर्क नाही. आधी घरच्या दोन-तीन वेगळ्या कंपन्यांच्या सिमांवर चाचणी घ्या.

या प्रणालीचा पहिला दणका कुणाला आठवतोय? 8 मार्च 2021. टेम्प्लेट जुळवायचं काम चालू केलं आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. आधार, कोविनचेसुद्धा. मोठमोठ्या बँकांनी टेम्प्लेटं नोंदवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ट्रायने सात दिवस स्थगिती दिली. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी डबा उघडला नाही. तेव्हा कलमवाले, तुमचं तीनदा परत आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

हिशेबनीस

5,900 चा मुद्दा मात्र सोडू नका. नियम बदलायच्या आधी ट्राय सल्लामसलतीचा मसुदा वेबसाइटवर टाकतं, कुणीही ईमेलने मत कळवू शकतं. तिथे मतं येतात टेलिकॉम कंपन्यांची आणि दिल्लीतल्या संघटनांची. बागायतदाराचं पत्र मी तरी पाहिलेलं नाही. लोकांनी मनावर घेतलं तर काय होतं ते फ्री बेसिक्सच्या (ठरावीक साइटीच फुकट देणारी फेसबुकची योजना) वेळी दिसलंय. लाखोंनी ईमेल गेले आणि 8 फेब्रुवारी 2016 ला वेगवेगळ्या साइटींना वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी आली. छोट्या फर्मला नोंदणी स्वस्त करा, देवनागरीला भुर्दंड नको, एवढं दोन परिच्छेदांत लिहा. मराठीत लिहून सोबत इंग्रजी जोडा. तालुक्यातल्या आणखी वीस जणांनी सही केली तर बरं.

कलमवाला

सर्वांना कळवतो, शेपूट कापल्यावर टेम्प्लेट दोन दिवसांत पास झालं. चाचणी घेतली तर एसएमएस बायकोच्या सिमावर आला, माझ्या सिमावर नाही. तांबडा_सिग्नल म्हणाले तसं चेनमध्ये एक दुवा राहिला होता. एजन्सीच्या मुलाला सांगून जोडून घेतला. पत्राचा कच्चा मसुदा केलाय, तो पेट्यांची गडबड आटपली की इथेच टाकेन.

परवा पहिल्या 60 पेट्या गेल्या, 60 एसएमएस पोचले. नाशिकचे एक आजोबा, वडिलांच्या वेळचे, त्यांचा लगेच फोन. "निरोप मिळाला रे, पावतीचा नंबरही लिहून घेतला. पण आंबे पिकायला किती दिवस ठेवायचे ते लिहायला विसरलास."

चिठ्ठी पेटीत होती. पेटी अजून वाटेत होती.