मालपेचं सेंट मेरीज बेट, एका दिवसात : जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

डिसेंबरात आईबाबा आणि मुलांना घेऊन उडुपीला जातोय. कृष्णमठ झाला की एक दिवस बेटासाठी राखून ठेवलाय. बोटीचं कसं जमवायचं? ज्येष्ठांना झेपेल का? सविस्तर लिहा, आमच्यासारख्या इतरांनाही उपयोग होईल.

डोंबिवलीकर
मत्स्यगंधा एक्सप्रेसने गेलो. दुपारी कुर्ल्याहून निघते, पहाटे उडुपीला उतरवते. तिथून मालपे सहाएक किलोमीटर. बंदरावर तिकीट काढलं तरी पुरेशी माणसं जमल्याशिवाय बोट सुटत नाही. मधल्या वारी गेल्याने ताटकळलो, पण बेट मोकळं मिळालं. रविवारी उलट होतं.

ठाण्याची आजी
झेपतं, पण नीट ऐका. बेटाजवळ पाणी उथळ, म्हणून मोठी बोट अलीकडेच थांबते आणि छोट्या होडीत उतरावं लागतं. दोन्ही होड्या हलत असतात. खलाशी दंडाला धरतो, होड्या समपातळीत आल्या की "आता" म्हणतो, तेव्हाच पाय टाकायचा. किनाऱ्याशी पुन्हा पाण्यात उतरायचं. मी साडी टाळली, मागे पट्टा असलेल्या चपला घातल्या. गुडघे फारच दुखत असतील तर आईंनी मालपेच्या किनाऱ्यावरच बसावं.

भूगोल शिकवते, कोल्हापूर
वाळूत वेळ घालवू नका, आधी खडकांकडे जा! लाव्हा थंड होताना आक्रसतो, त्याला तडे जातात, तडे खोल उतरतात आणि असे कोनदार खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल किंवा आमच्या पन्हाळ्याजवळचं बांदिवडे पाहिलं असेल तर ओळख लगेच पटेल. पण बेटावरचा खडक आपल्या सह्याद्रीच्या कातळाहून जुना, सुमारे ८.८ कोटी वर्षांचा, मादागास्कर भारतापासून सुटत होतं त्या काळातला. मुलांना खांबांच्या बाजू मोजायला लावा. सगळे षटकोनी नसतात; माझ्या भाचीने पाच बाजूंचा शोधला आणि तिथून हलेचना. वर चढू मात्र देऊ नका, कडा झिजतात. वास्को-द-गामा १४९८ मध्ये इथे उतरला असं सांगतात. मला त्याहून हे खांब मोठे वाटतात.

उडुपीची सून
डिसेंबर उत्तम. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, बोटी बंद. बेटावर मुक्काम करता येत नाही आणि आमच्या फेरीत तासाभराने परतायची शिट्टी झाली, तेव्हा सकाळची बोट धरा, ऊन चढायच्या आत. पोहायचं मालपेला, बेटाच्या कडेचे खडक शेवाळाने निसरडे आहेत, तिथे रक्षक हटकतात आणि योग्यच करतात. पायाखाली वाळूपेक्षा शिंपल्यांचा चुराच जास्त, मुलांना अनवाणी सोडू नका. प्लॅस्टिक आणि दारू नेता येत नाही. बाबांना नारळांच्या सावलीत बसवा, बाकीच्यांनी खडकांकडे जावं. जेवायला परत उडुपीतच या, मठाच्या आसपास छान सोय आहे.