थक्क, दचकलो की हबकलो? विवाल्दीच्या एका श्रोत्याचे वाक्य

मूळ प्रश्न

अठराव्या शतकातील युरोपीय श्रोत्यांची काही टिपणे मराठीत आणत असताना मी एका क्रियापदापाशी अडलो आहे. फ्रांकफुर्टचा योहान फ्रीडरिश आर्मांड फॉन उफेनबाख हा रसिक प्रवासी १७१५ साली कार्निव्हलच्या दिवसांत व्हेनिसला होता. ४ फेब्रुवारीला तो सांत आंजेलो नाट्यगृहात ऑपेरा पाहायला गेला असता त्याला इटालियन संगीतकार आंतोनिओ विवाल्दीचे व्हायोलिन ऐकायला मिळाले. प्रयोगाच्या अखेरीकडे विवाल्दीने साथीसह एकल वादन केले आणि शेवटी त्याला एक ‘फांटाझी’ जोडली. हिलाच आज आपण कॅडेन्झा म्हणू. वाद्यवृंद थांबतो आणि एकटा वादक मुक्तपणे वाजवतो ती जागा.

उफेनबाखच्या नोंदीचा आशय असा आहे: त्या फांटाझीने मी (येथे गाडी अडते), कारण असे कोणी कधी वाजवले नसेल आणि वाजवणे शक्यही नाही, त्याची बोटे घोडीपासून (व्हायोलिनच्या तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीपासून) जेमतेम काडीभर अंतरावर आली, गजाला जागाच उरली नाही, आणि तेही चारही तारांवर, फ्यूग (एकच सुरावट एकामागून एक स्वरपंक्ती उचलत जातात अशी रचना) वाजवीत, विश्वास बसू नये अशा वेगाने. त्याने सर्वांना चकित केले. पण मी मोहून गेलो असे मला म्हणता येत नाही, कारण ते जितक्या कसबाने केले होते तितके कानाला सुखाचे नव्हते.

मोकळ्या सोडलेल्या जागी मूळ जर्मन शब्द ‘एर्श्रेकेट’ असा आहे, आणि त्याचा सरळ अर्थ भीतीशी निगडित आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी ‘थक्क झालो’ असे लिहिले होते. मराठी वाचकाला ते खटकणार नाही हे खरे, परंतु खटकत नाही म्हणूनच मला ते संशयास्पद वाटते. आपण काय सुचवाल?

प्रतिसाद

‘दचकलो’. सोपा शब्द आहे आणि त्यात भीतीही आहे.

प्रतिसाद

‘थक्क’ काढून टाकावा या मताशी मी सहमत आहे. आपल्या वृत्तपत्रांतील संगीतसमीक्षेत श्रोते इतक्या वेळा थक्क, मंत्रमुग्ध आणि तृप्त झालेले आहेत की या तिन्ही शब्दांत आता फारसा फरक उरलेला नाही. येथे तर तसे करणे घातक ठरेल, कारण उफेनबाखच्या वाक्याची सारी गंमत तीन क्रियापदांच्या वेगळेपणात आहे. आधी तो स्वतः भ्याला, मग सगळे चकित झाले, आणि शेवटी तो म्हणतो की मोहित मात्र मी झालो नाही. ‘थक्क’ हा शब्द पहिल्या जागी घातला की दुसरे क्रियापद पहिल्याचीच पुनरुक्ती होते आणि तिसऱ्यातील नकार उगाच कुरकुर केल्यासारखा वाटू लागतो.

परंतु ‘दचकलो’ही मला पटत नाही. दचकणे ही एका क्षणाची गोष्ट आहे. मागून कोणी हाक मारली, हातातले भांडे पडले, की माणूस दचकतो, आणि काय झाले ते कळताच पुन्हा स्वस्थ होतो. येथे क्रम उलट आहे: काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत होते, बोटे घोडीकडे सरकताना तो मोजून पाहत होता, आणि जसजसे दिसत गेले तसतशी भीती वाढत गेली. ‘चरकलो’ म्हणावे तर त्यात मनात आधीपासून असलेली शंका खरी ठरल्याची छटा येते, ‘धास्तावलो’ म्हणावे तर पुढे होणाऱ्या नुकसानीची काळजी येते, आणि ‘हादरलो’ हा शब्द बातम्यांच्या मथळ्यांनी पार झिजवून टाकला आहे.

माझे मत ‘हबकलो’ या शब्दाला आहे. आपल्या अंदाजापलीकडचे काही समोर उभे राहिले आणि पाऊल जागच्या जागी थबकले, अशी अवस्था हबकण्यात असते. पहिल्यांदा घाटावरून खाली पाहणारे मूल हबकते, रुग्णालयाचे बिल पाहून नातेवाईक हबकतो. दोघांनाही समोर काय आहे ते नीट दिसत असते, आणि दिसते म्हणूनच ते हबकतात.

प्रतिसाद

मी स्वतः व्हायोलिन शिकत असल्यामुळे शब्दांइतकेच बोटांविषयी लिहावेसे वाटते. डाव्या हाताचे बोट घोडीकडे जितके सरकते तितकी तारेची कंप पावणारी लांबी कमी होते आणि स्वर चढत जातो. गज नेहमी बोट आणि घोडी यांच्यामधल्या तुकड्यावरच फिरतो. त्यामुळे बोट काडीभर अंतरावर आले असेल तर गजाला खरोखरच जागा उरत नाही, आणि उफेनबाखने ते अचूक टिपले आहे, थोडी अतिशयोक्ती धरूनसुद्धा. त्या काळच्या व्हायोलिनची बोटपट्टी आजच्यापेक्षा आखूड असे, म्हणजे इतक्या वर गेल्यावर बोटाखाली लाकूडही नसते, तार हवेतच दाबावी लागते. मी घरी माझ्या व्हायोलिनवर पट्टीच्या टोकापलीकडे जाऊन पाहिले, तेव्हा शिट्टी आणि खरखर यांच्यामधला एक आवाज निघाला आणि स्वयंपाकघरातून “काय झालं?” असा प्रश्न आला. ‘कानाला सुखाचे नव्हते’ ही तक्रार मला त्यामुळे अगदी प्रामाणिक वाटते.

विवाल्दीच्या स्वतःच्या कॅडेन्झांपैकी काही लिहून ठेवलेल्या मिळतात. पादुआच्या संत अँथनीच्या उत्सवासाठी १७१२ साली लिहिलेल्या कन्चेर्तोची (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेची), तसेच ‘ग्रोसो मोगुल’ म्हणजे ‘थोर मोगल’ असे नाव चिकटलेल्या कन्चेर्तोची कॅडेन्झा पाहिली, तर त्या रात्री कोणत्या जातीचे वादन झाले असेल याची कल्पना येते. (हा मोगल आपलाच, दिल्लीचा, पण सुरांत त्याचा मागमूस मला तरी सापडला नाही. जर्मन संगीतकार बाखने मात्र हाच कन्चेर्तो ऑर्गनसाठी उतरवून घेतला.)

जाता जाता, ‘घोडी’ हा आपला शब्द योग्यच आहे. जर्मन ‘श्टेग’ म्हणजे ओढ्यावरचा छोटा पादचारी पूल, कोकणात ज्याला साकव म्हणतात तो. परंतु वाद्यावर साकव घालू नये. ‘काडीभर’ही तसेच ठेवावे, कारण मुळातही गवताची काडीच आहे. ‘तसूभर’ लिहिण्याचा मोह होईल, पण तसू म्हणजे जवळजवळ एक इंच, आणि तेवढ्यात गज सुखाने फिरतो.

प्रतिसाद

तीन क्रियापदांविषयी एक गोष्ट राहून गेली. पहिले क्रियापद घरचे जर्मन आहे, पण ‘चकित केले’ आणि ‘मोहून टाकले’ यांसाठी उफेनबाखने फ्रेंच शब्दांना जर्मन प्रत्यय जोडले आहेत: ‘सुर्प्रेनीर्टे’ आणि ‘शार्मीर्ट’. त्या काळच्या सुशिक्षित जर्मनाची ती सवयच होती हे मान्य करूनही मला वाटते की भीतीला त्याने मायबोलीतला शब्द वापरला आणि दरबारी शिष्टाचाराच्या भावनांना दरबारी शब्द. आपल्याकडे पेशवाईतल्या लेखनात ‘तारीफ’, ‘खुशी’, ‘पसंत’ हे फारसीकडून आलेले शब्द असेच कौतुकाच्या जागी बसलेले दिसतात. म्हणून ‘हबकलो’ हे देशी क्रियापद पहिल्या जागी, आणि पुढे ‘विस्मित’ व ‘मोहित’ असे जरा ठेवणीतले शब्द, ही मांडणी मुळाच्या पोताला जवळची होईल.

प्रतिसाद

या सगळ्यात ‘दाद’ हा शब्द कोठेच कसा आला नाही? प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या की नाही?

प्रतिसाद

या नोंदीत ‘दाद’ घालू नये, असे सुचवितो. दाद म्हणजे मुळात फारसीत न्याय. कोर्टात आपण दाद मागतो ती हीच. गाण्याला दाद देणे म्हणजे कलावंताचे देणे त्याला चुकते करणे, आणि उफेनबाख विवाल्दीचे देणे अर्धेच चुकते करतो आहे: कसब मान्य, सुख अमान्य. बर्नी या इंग्रज संगीतलेखकाच्या नोंदीसाठी मात्र तो शब्द राखून ठेवावा. १७७० साली इटलीत फिरताना त्याने पाहिले की चर्चमध्ये टाळ्या वाजवण्याची मनाई असल्यामुळे लोक खोकून, खाकरून आणि नाक शिंकरून आपली पसंती कळवतात. तेथे ‘खाकरून दाद दिली’ असेच लिहावे. आपल्याकडे खाकरणे हे ‘मी आलो आहे’ असे सुचवण्यासाठी असते, त्यामुळे वाचकाला हसू येईल, आणि ते यावेच.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. ‘हबकलो’ मी स्वीकारत आहे. ‘कसब’ या शब्दाविषयी मात्र अजून थोडी घालमेल आहे. मूळ शब्द ‘क्युन्स्टलिश’ असा आहे. त्या काळी त्याचा अर्थ ‘कलेने केलेले’ असा होई, आजच्या जर्मनमध्ये तो ‘कृत्रिम’ असा होतो. आपल्या ‘कृत्रिम’चीही गत तीच: ‘केलेले’ येथून निघून ‘खोटे’ येथे पोचलेला शब्द. आपल्या संगीतातील ‘तयारी’ हा शब्द मला सर्वांत आधी सुचला होता, कारण ‘हात तयार आहे, पण रंगत नाही’ हे वाक्य मैफलीतून बाहेर पडताना आपण सर्वांनी कधी ना कधी म्हटलेले असते. परंतु तयारी वादकाची असते, तर उफेनबाख वाजवलेल्या गोष्टीच्या घडणीविषयी बोलतो आहे, म्हणून कसबच ठेवले. सध्याचा खर्डा असा:

“शेवटी त्याने जी फांटाझी जोडली तिने मी पुरता हबकलो, कारण असे कोणी कधी वाजवले नसेल आणि वाजवणे शक्यही नाही. बोटे घोडीपासून काडीभर अंतरावर, गजाला जागा नाही, आणि हे चारही तारांवर, फ्यूगसकट, विश्वास बसू नये अशा वेगाने. त्याने सर्वांना विस्मित केले. मात्र मी मोहित झालो असे मला म्हणवत नाही, कारण त्यात कसब जितके होते तितके कानाला सुख नव्हते.”