दर सांगताना माझाच आवाज बसतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनो, तुम्ही कसं निभावता?

कऱ्हाडची_कॅमेरावाली

नमस्कार मंडळी. मी कऱ्हाडची. वडिलांचा पासपोर्ट फोटो आणि फ्रेमिंगचा छोटा स्टुडिओ आहे, तिथंच शिकले. आधी पुण्या-कोल्हापूरच्या टीमबरोबर दुसरा कॅमेरा म्हणून जायचे, आता स्वतःच्या ऑर्डरी घेते. काम बरं होतं, हे मला माहीत आहे. घोडं दुसरीकडंच अडतं.

बोलणी करायला पार्टी मला त्यांच्या घरी बोलावते. मुलीचे वडील, काका आणि कोणीतरी एक मेहुणा बसलेला असतो. मी हळद आणि लग्न मिळून ७० हजार सांगते आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत मीच म्हणते, 'पण बघू की, करू थोडं कमी.' कुणी मागितलेलं नसतं! मग मेहुणा म्हणतो, 'साताऱ्याचा एक पोरगा ४५ मध्ये ड्रोनसकट करतो.' मी ५५ वर येते. त्यातून दुसरा कॅमेरा, व्हिडिओवाला, अल्बम, पेट्रोल गेलं की हातात काय उरतं ते आईला सांगत नाही.

कार्यालयात वेगळीच तऱ्हा. माझ्याबरोबर फ्लॅश धरायला अकरावीतला एक पोरगा असतो. जो येतो तो त्यालाच म्हणतो, 'ओ फोटोग्राफर, आमचा एक ग्रुप घ्या.' तो माझ्याकडं बोट दाखवतो, तर त्यांना वाटतं मी नवरीची मैत्रीण. एका लग्नात नवरदेवाच्या आत्यांनी माझ्या हातात जिलेबीचं ताट दिलं आणि पंगतीत वाढायला पाठवलं. वाढलीही मी.

आणि मंगलाष्टकं. अंतरपाट सरकताना दोघांचे चेहरे हवे असतात आणि समोर मोबाईल धरलेले हातच हात. ओरडले तर उद्धट, गप्प बसले तर फोटो गेला.

ही भीड कशी मोडलीत? आणि एका घराशी असं नातं कसं जोडता, की धाकटीच्या लग्नात ते दुसरीकडं चौकशीच करणार नाहीत? 'स्वतःवर विश्वास ठेव' एवढं मात्र सांगू नका, ते वडील रोज सांगतात.

रोलवाले_अण्णा

पोरी, आत्यांनी वाढायला लावलं म्हणजे तुला घरातली समजल्या. यासाठी आम्ही वर्षं घालवली.

मी ३६ फोटोंच्या फिल्म रोलवर लग्नं केलेला कोल्हापूरचा माणूस. एका लग्नाला चार-पाच रोल, त्यातच गौरीहरापासून गृहप्रवेशापर्यंत सगळं बसवायचं. कुठला विधी कधी, कोण कुठं उभं राहणार, हे पक्कं ठाऊक नसेल तर बटण दाबणं परवडायचं नाही. आमचा धीटपणा त्यातून आला, स्वभावानं मीही तुझ्यासारखाच बुजरा. आता कार्डात हजारो फोटो मावतात म्हणून पोरं काही विचारतच नाहीत आणि ऐन वेळी गोंधळतात.

लग्नाआधी एकदा वही घेऊन घरी जा. वडिलांशी बोलून झालं की आईजवळ बस. मामा कुठले, आत्या किती, लांबून कोण येणार, कुठल्या आजीला जास्त वेळ बसवत नाही. तिचा फोटो सकाळीच उरकायचा, ती दमण्याआधी. कुठले दोन चुलते एकमेकांशी बोलत नाहीत तेही आई हळूच सांगते, कारण ग्रुप फोटोत त्यांना शेजारी उभं केलंस तर पंचाईत तुझीच. हे सगळं वहीत. मग कार्यालयात तू 'मिरजेचे मामा, मुलीच्या पाठीशी या' असं म्हणालीस की पोराला कोण विचारतंय? मुलीची आई स्वतः सांगते, 'त्या ताईंना विचारा.'

आता दर. आकडा सांगायचा आणि बशीत चहा ओतायचा. चहा संपेपर्यंत आपण बोलायचं नाही. अवघड वाटेल, पण ती शांतता समोरच्यालाही तेवढीच जड जाते. कमी करा म्हणाले तर काम कमी कर: ४० शीटचा अल्बम ३० चा, नाहीतर हळदीला एकच कॅमेरा. काम तेवढंच ठेवून पैसे सोडलेस की त्यांना वाटणार, आधीचा आकडा फुगवलेला होता. साताऱ्याच्या पोराचं नाव निघालं तर त्याला नावं ठेवू नकोस. 'चांगला आहे, तारीख मोकळी असेल तर विचारा' म्हण. निम्मे मेहुणे तिथंच गप्प होतात.

आणि हिशेब लिहून काढ. तुझ्याकडचे दर थोडे वेगळे असतील, पण ढोबळ बघ. दुसरा कॅमेरा दोन दिवसांचे १४ हजार, व्हिडिओ आणि एडिटिंग २०, अल्बम ९, पेट्रोल आणि पोरांचं जेवणखाण ३. झाले ४६. तुझ्या ५५ मधून उरले ९, आणि त्यात पुढं आठ-दहा दिवस फोटो निवडत आणि रंग सुधारत बसायचं. कॅमेऱ्याची झीज अजून धरलीच नाही. मेहुण्यानं तोंड उघडलं की हे ९ डोळ्यांपुढं आण.

अजून एक. दाते पंचांग हातात आलं की आधी लग्नमुहूर्तांचं पान उघड. दाट तिथीला चार-चार फोन येतात, त्या तारखेला एक रुपया सोडायचा नाही. सूट द्यायचीच असेल तर विरळ तिथीला दे. तुळशीच्या लग्नानंतर जे कमवायचं त्यावर पुढचा चातुर्मास काढायचा असतो, हे पार्टीला माहीत नसलं तरी तुला माहीत पाहिजे.

पिंपरीचा_शटर

अण्णांचं बरोबर असेल, पण त्यांच्या वेळी पेठेत दोन स्टुडिओ. आता नवरा-नवरी रील घेऊन येतात, उदयपूरच्या महालातलं, आणि म्हणतात अगदी असंच पाहिजे. लग्न असतं पत्र्याच्या शेडमध्ये, वर गुलाबी एलईडी. तिथं वही काय कामाची?

रोलवाले_अण्णा

रील बघून फोन येतो, मान्य. ॲडव्हान्स मुलीचा बाप देतो. त्याला रील दिसत नाही, समोर बसलेलं माणूस दिसतं. गुलाबी एलईडीचं म्हणशील तर कार्यालयाच्या मॅनेजरला सकाळीच भेटून विधींपुरते पांढरे दिवे लावायला सांग. नमस्कार करून सांगितलं की लावतात.

वाईचे_गुरुजी

मी फोटोग्राफर नव्हे, पौरोहित्य करतो. भाचा या धंद्यात आहे म्हणून इथलं वाचत असतो. ताईंच्या मोबाईलच्या प्रश्नाला उत्तर आमच्याकडे आहे म्हणून लिहितो.

मुहूर्ताआधी अर्धा तास गुरुजींना भेटा. बहुतेक जण आम्हाला फक्त 'गुरुजी, जरा बाजूला' एवढंच म्हणतात. मंगलाष्टकं किती म्हणणार, नवरीच्या मावश्या स्वतः रचलेली म्हणणार आहेत का, हे विचारून घ्या. मावश्यांची लांबतात. शेवटी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' ऐकू आलं की कॅमेरा डोळ्याला लावायचा. मग अंतरपाट उत्तरेकडे निघतो, म्हणजे तुम्ही कुठं उभं राहायचं तेही आधीच ठरवता येतं. आणि मोबाईल खाली घ्या हे तुम्ही ओरडू नका, आम्हाला सांगा. माईक आमच्या हातात असतो. 'दोन मिनिटं वधूवरांना डोळे भरून पाहू द्या, मोबाईल खाली' असं मी म्हटलं की बरेचसे हात खाली येतात. सगळे नाही. नवरदेवाचे मित्र ऐकत नाहीत.

एक तक्रारही करतो. 'गुरुजी, लाह्या परत एकदा टाकायला सांगा, फोकस गेला' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आहुती कॅमेऱ्यासाठी दुसऱ्यांदा देत नाहीत. कानपिळी मात्र हवी तितक्या वेळा करा, नवरीच्या भावाची कधीच हरकत नसते. होमाचा धूर कुठल्या बाजूला जातो ते सुरुवातीलाच बघून समोरच्या बाजूला बसा, आणि पायातलं काढून मांडवात या. जो हे पाळतो त्याचं नाव मी पुढच्या यजमानांना आपणहून सांगतो.

सांगलीची_सून

मी फोटो काढून घेणारी, म्हणून तिकडची बाजू. ताई, बाई आहे म्हणून अडचण होते असं तुमच्या लिहिण्यात जाणवलं. आम्ही बाई फोटोग्राफर मुद्दाम शोधली होती. मी तयार होत असताना ती खोलीत होती आणि आईला दाराशी पहारा द्यावा लागला नाही.

गौरीहराच्या वेळी मामानं दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून मी बसले होते, आजूबाजूला दहा-बारा जणी कलकलत होत्या. तिनं सगळ्यांना गोड बोलून बाहेर काढलं, खिडकी उघडली, मला पाणी दिलं आणि बराच वेळ कॅमेरा उचललाच नाही. नंतर तीन-चारच फोटो काढले. सासूबाईंनी आरशात माझं तोंड पाहिलं तो सुनमुखाचा फोटो छान आहे, स्टेजवरचे दोनशे फोटो आहेत, पण भिंतीवर लावलाय तो गौरीहराचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं आजीचे पाच फोटो छापून घरी पाठवले, अल्बमच्या कितीतरी आधी. त्यानंतर आमच्याकडून तिला दोन लग्नं गेली.

उलट नणंदेच्या लग्नातला फोटोग्राफर. अल्बम बाळाच्या बारशाला आला. त्याआधी हळदीचे फोटो न विचारता इन्स्टाग्रामवर टाकून मोकळा, त्यावरून घरात केवढी भांडणं. त्याचे फोटो खरं तर सुंदर होते. पण नाव कोण काढणार?

पिंपरीचा_शटर

या इन्स्टाग्रामच्या मुद्द्यावर गंभीरपणे सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं फोटो मी काढला म्हणजे माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन फोटो काढला तर, वेगळा करार नसेल तोवर, पहिला मालक तो सांगणारा. तेव्हा ऑर्डरच्या कागदावर एक ओळ घाला: कामाचा नमुना म्हणून फोटो दाखवायला परवानगी आहे की नाही, आणि असेल तर कुठले. सही नवरा-नवरी दोघांचीही घ्या, नुसती वडिलांची नको. मी तर 'हळदीचे आणि खोलीतले फोटो विचारल्याशिवाय टाकणार नाही' असं आपणहून लिहून देतो. ती ओळ वाचून मुलीकडची माणसं सैल होतात.

त्याच कागदावर अल्बमची तारीखही टाका. तारीख 'सिलेक्शन मिळाल्यापासून' मोजायची, लग्नापासून नाही. पार्टी सहा-सहा महिने फोटो निवडत नाही आणि बोंब आपल्या नावानं.

कऱ्हाडची_कॅमेरावाली

अण्णा, हिशेब मांडला. माझं उत्तर तुमच्या ९ पेक्षाही खाली आलं, कारण व्हिडिओवाला मला २४ ला पडतो. कागद भिंतीवर चिकटवलाय, वडिलांनी वाचला आणि काही बोलले नाहीत.

गुरुजी, अंतरपाट उत्तरेकडे निघतो हे इतकी लग्नं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगलीच्या ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं.

रविवारी उंब्रजला बोलणी आहेत. एवढंच विचारते, ॲडव्हान्स किती आणि कधी मागायचा? मी आतापर्यंत ५ हजार घेऊन तारीख देत आले.

रोलवाले_अण्णा

५ हजारांत तारीख अडकवायची नाही, ती पार्टी कधीही मोडते आणि तोवर तू दुसऱ्यांना नाही म्हणून बसलेली असतेस. तारीख धरायला ३० टक्के. हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत ५० टक्के, म्हणजे टीमचे पैसे तुझ्या खिशातून जात नाहीत. उरलेले २० अल्बम हातात देताना. अल्बमवर याहून जास्त ठेवू नकोस. लग्न उरकल्यावर मुलीच्या बापाकडं मंडपवाला, आचारी, बँडवाला सगळे रांगेत उभे असतात आणि तुझा स्वभाव बघता त्या रांगेत तू सगळ्यांच्या मागं राहशील. आकडे टक्क्यांत बोलू नकोस, रुपयांत लिहून ने. कागदाच्या दोन प्रती कर, एक त्यांना दे. आणि रविवारी त्या पोराला बरोबर नेऊ नकोस, वडिलांनाही नको. एकटी जा.