गोव्यातल्या पर्वरीत आता दाराला तीन कड्या: भीती खरी की व्हॉट्सॲप ग्रुपवरची?

पर्वरीकर:
आमच्या सोसायटीने चौथा कॅमेरा बसवला, रात्री दहाला गेट बंद. लहानपणी म्हापशाला पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत यायचा, पावाची पिशवी दाराबाहेरच लटकलेली असायची, दार दिवसभर सताड उघडं. माझं मत, गुन्हे वाढण्यापेक्षा भीती जास्त वाढलीय. दरडोई उत्पन्नात आपण देशात वरच्या रांगेत, घरात वस्तू आल्या आणि मग कुलपं आली.

म्हापशेकर:
अहो भाऊ, ज्याचं घर फुटतं त्याला विचारा. आमच्या वाड्यावर दिवसाढवळ्या मागची खिडकी काढून नेली, म्हातारी आत झोपलेली. तेव्हा कसली भीती ग्रुपवरची? भायले, बाहेरचे लोक, किती आलेत बघा.

हिशेबी:
आकड्यांचं बोलूया. एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था, गुन्ह्यांचा दर काढते लाख लोकसंख्येमागे. 2011 च्या जनगणनेत आपण साधारण साडेचौदा लाख, आणि 2024 मध्ये पर्यटक आले एक कोटीच्या वर. कळंगुटला पर्यटकाचा मोबाईल गेला तर गुन्हा आपल्या खात्यात, पण भागाकारात तो पर्यटक कुठेच नाही. त्यामुळे दर बघून घाबरू नका, आणि दर बघून खूशही होऊ नका, कारण कितीजण तक्रारच करत नाहीत.

सावंतवाडीची:
'भायले' म्हणजे आम्हीच ना? नऊ वर्षं भाड्याने राहते इथे. भाडेकरू पडताळणीचा कायदा 2024 ला आला, मी स्वतः फॉर्म घेऊन मालकाकडे गेले तर म्हणाले "कशाला गो, बघू मागीर (नंतर)". आणि तेच ग्रुपवर लिहितात, भाडेकरूंना हाकला. गेल्या महिन्यात एका पोराचा फोटो फिरला, 'संशयित, सावध राहा', तो पाण्याच्या बाटल्या टाकणारा निघाला. सॉरी कोणीच म्हटलं नाही.

म्हापशेकर:
तुम्हाला नाही म्हटलं बाय. पण पडताळणी नको का?

सावंतवाडीची:
हवीच की! मीच तर फॉर्म घेऊन फिरतेय.

तिसवाडीची_सून:
तुम्ही सगळे घरातल्या सोन्याबद्दल बोलताय. मला चोराची भीती नाही हो, मला पणजीहून शेवटची कदंब बस चुकली की भीती वाटते, मग पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) मिळाला तर ठीक नाहीतर स्टँडवर उभी राहून नवऱ्याला फोन, आणि बस मिळाली तरी उतरल्यावर दहा मिनिटं चालायचं, वाटेतले दोन दिवे पावसाळ्यापासून बंद. कॅमेरा गेटवर, मी रस्त्यावर. कुठल्या रिपोर्टमध्ये हे येतं? काही घडलंच नाही ना.

पर्वरीकर:
हे मात्र माझ्या डोक्यातच नव्हतं. दिव्यांसाठी पंचायतीत अर्ज केलाय का?

तिसवाडीची_सून:
दोनदा. पोचपावती आहे.